बदलापूरला घर घेणारे वेडे नाहीत

बदलापूर, वांगणी, नेरळ, टिटवाळा इथे कर्ज काढून वन बीएचके घेणाऱ्या माणसाला हल्ली दोन जण शहाणपण शिकवायला टपलेले असतात. एक बिल्डरचा सेल्समन, दुसरा आर्थिक सल्लागार. सेल्समन खोटं बोलत असणार हे गिऱ्हाईक गृहीतच धरून जातं. सल्लागाराचं तसं नसतं. त्याच्याकडे एक्सेल असतं, चक्रवाढीचा आलेख असतो आणि ‘भावनेच्या आहारी जाऊ नका’ हे पेटंट वाक्य असतं. म्हणून आधी त्याचाच समाचार घेतो.

त्याचं म्हणणं त्याच्याच आकड्यांत मांडू, म्हणजे अन्याय नको. बदलापुरात तीस लाखांचा फ्लॅट घेतला. सहा लाख पदरचे, चोवीस लाख कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत. हप्ता बसतो सुमारे 20,800 रुपये. वीस वर्षांत चोवीस लाखांचे जवळपास पन्नास लाख फेडायचे. तसाच फ्लॅट भाड्याने आठ हजारांत मिळतो म्हणे. मग दरमहा उरलेले 12,800 म्युच्युअल फंडात टाका, सहा लाखही तिथेच ठेवा. बारा टक्क्यांनी वीस वर्षांत मासिक गुंतवणुकीचे एक कोटी सत्तावीस लाख आणि सहा लाखांचे अठ्ठावन्न लाख, मिळून एक कोटी पंच्याऐंशी लाख. उलट तुमचं घर वर्षाला पाच टक्क्यांनी वाढलं तरी ऐंशी लाखांच्या पुढे जाणार नाही. बघा, वर्षानुवर्षं लोकलला लटकून तुम्ही एक कोटीवर पाणी सोडलंत!

ऐकणारा गप्प होतो. चहा घेतो. घरी आल्यावर बायकोला आकडे सांगायला जातो, तर ती विचारते, “आणि भाडं वीस वर्षं आठ हजारच राहणार आहे का?”

तिचा प्रश्न बरोबर आहे. हप्ता साधारण जागचा हलत नाही. व्याजदर वर-खाली झाले तर बँक बहुतेक वेळा मुदत कमी-जास्त करते. भाडं मात्र दर करारागणिक चढतं. वर्षाला सात टक्के वाढ धरली तर सोळाव्या वर्षी भाडं हप्त्याला मागे टाकतं आणि विसाव्या वर्षी एकोणतीस हजारांवर जाऊन बसतं. म्हणजे ‘उरलेली रक्कम’ दरवर्षी आटत जाते आणि शेवटची पाच वर्षं उरत तर नाहीच, उलट खिशातून जाते. ही दुरुस्ती केली की मासिक गुंतवणुकीचे एक कोटी सत्तावीस लाख ऐंशी लाखांच्या आसपास येतात. शिवाय दर दोन-तीन वर्षांनी घर बदलताना दलालाचं एक महिन्याचं भाडं, टेम्पो, हमाली, आणि रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिटमधून कापलेली रक्कम. हे खर्च कुठल्या रकान्यात लिहायचे ते एक्सेलवाल्याने सांगावं.

एवढं करूनही कागदावर फंड जिंकतो, हे मी मान्य करतो. बदलापूरचं घर ही काही थोर गुंतवणूक नव्हे. ज्याला केवळ पैसा वाढवायचा आहे त्याने तिथे फ्लॅट घेऊच नये. पण घर घेणाऱ्याला ‘तुझा परतावा कमी आला’ असं म्हणणं म्हणजे आपल्याच प्रश्नाचं उत्तर त्याच्या पेपरात शोधून त्याला नापास करणं. त्याने विकत काय घेतलं, हे आधी पाहावं लागेल.

त्याआधी ते सहा लाख. सल्लागाराच्या गणितात ते बँकेत तयार पडलेले असतात. प्रत्यक्षात ते कुठून येतात? थोडे पीएफमधून काढलेले, कारण पीएफ घरासाठी काढता येतो, म्युच्युअल फंडासाठी नाही. थोडे कंपनीच्या पतपेढीचे. आईच्या पाटल्या मोडलेल्या. सासऱ्यांनी गावच्या जमिनीच्या तुकड्यातून दिलेले. मेहुण्याचे हातउसने, जे तो कधी मागत नाही आणि विसरतही नाही. आता जावयाने सासऱ्यांकडे जाऊन ‘इक्विटी फंडात टाकायचेत, लाखभर द्या’ असं म्हणून बघावं. घर घ्यायचं म्हटलं की नात्यागोत्यातला पैसा हलतो, एरवी तो जागचा हलत नाही. घर घेतलं नसतं तर ते सहा लाख फंडात गेले नसते, ते जमलेच नसते. दरमहाच्या 12,800चंही तेच. हप्ता चुकला तर बँकेचा फोन येतो म्हणून माणूस हप्ता भरतो. एसआयपी थांबवायला ॲपवर बोट लावलं की पुरतं, आणि गणपती, शाळेची फी, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ही बोट लावायची कारणं दरवर्षी असतातच.

आता सल्लागाराच्या युक्तिवादातली खरी हातचलाखी. तो पैशाचं बोलतो तेव्हा भाडं बदलापूरचं धरतो, आठ हजार. आणि सुखाचं बोलतो तेव्हा घर ऑफिसजवळ नेतो. रोजचे जाऊन-येऊन तीन-चार तास वाचतील, मुलांना वेळ देता येईल, पाठीचं दुखणं जाईल. अहो, पण बदलापुरात भाड्याने राहणाराही तीच लोकल पकडतो! मालकाच्या प्रवासाला एक न्याय आणि भाडेकरूच्या प्रवासाला दुसरा असं रेल्वे करत नाही. वेळ वाचवायचा तर दादर, परळ, घाटकोपरला भाड्याने राहावं लागेल, आणि तिथल्या वन बीएचकेचं भाडं बदलापूरच्या हप्त्यापेक्षा जास्त आहे. मग फंडात टाकायला उरलं काय? स्वस्त भाडं बदलापूरचं आणि जवळीक दादरची असं तिसरं घर अस्तित्वातच नाही, आणि सगळा सल्ला त्या तिसऱ्या घरात राहून दिला जातो.

बरं, भाड्याने राहणं म्हणजे नेमकं काय, तेही बघू. आमच्या आधीच्या पिढीने गिरगाव-लालबागच्या चाळीत जन्म काढला, त्यातल्या बहुतेकांच्या नावावर घर नव्हतं. पण 1947च्या मुंबई भाडे कायद्याने त्यांना संरक्षण होतं. मालकाला भाडं वाढवता येत नव्हतं आणि भाडेकरूला सहजासहजी काढताही येत नव्हतं. त्या कायद्याने इमारतींची दुर्दशा केली, पागडीचा काळा व्यवहार पोसला, ते सगळं खरं. तरी संसार एका पत्त्यावर झाला. आज भाड्याने घर घेणारा बहुतेक जण लिव्ह अँड लायसन्सवर असतो, तोही अकरा महिन्यांच्या. कायद्याच्या दृष्टीने तो भाडेकरूच नाही, मालकाने काही काळ राहू दिलेला माणूस आहे. 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24प्रमाणे मुदत संपली की जागा सोडायची. नाही सोडली तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ती परत मिळवतो आणि तोवर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. मालकाच्या बाजूने यात गैर काही नाही, त्याचीही जागा हयातीच्या कमाईची असते. पण मग या व्यवस्थेत वीस वर्षं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरण्याला ‘आर्थिक स्वातंत्र्य’ म्हणू नका.

‘जर्मनीत निम्मी जनता भाड्यानेच राहते’ हे उदाहरण हटकून येतं. येऊ द्या. जर्मनीत राहत्या घराचा भाडेकरार सहसा बेमुदत असतो आणि मालकाला तो मोडायचा तर कायद्यात बसणारं कारण दाखवावं लागतं. व्हिएन्नात तर शहराच्याच मालकीची घरं लोकांनी पिढ्यान्पिढ्या भाड्याने घेतली आहेत. तसा कायदा इथे आणा, मग बदलापूरला फ्लॅट घेणाऱ्याला हसा.

अकरावा महिना भरत आला की काय होतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मालकाचा फोन येतो, आवाज गोड असतो. “मुलगा परत येतोय हो पुण्याहून, काय करणार.” मुलगा येतो की नाही कुणास ठाऊक, दोन महिन्यांनी त्या खिडकीत दुसऱ्यांचे कपडे वाळत असतात. मधल्या काळात दलालाबरोबर संध्याकाळचे फेरे सुरू होतात. काय काम करता, माणसं किती, मांसाहार करता का, आणि आडनाव ऐकल्यावर होणारी ती छोटीशी शांतता. मग नवा करार, नोंदणी, पोलिस पडताळणी, सोसायटीची परवानगी, गॅसचा पत्ता, आधारचा पत्ता, बँकेचा पत्ता. मुलीची शाळा लांब पडली तर रिक्षा किंवा नवी शाळा. हा त्रास कुठल्याही आलेखात दिसत नाही, कारण तो बहुतेक वेळा घरातली बाई निस्तरते आणि तिच्या वेळेला दर नसतो.

बाईचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. 2021पासून राज्य सरकारने केवळ महिलेच्या नावावर होणाऱ्या घरखरेदीला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली. त्यामागे सगळीकडे उदात्त हेतू नसतो, कित्येक नवरे निव्वळ पैसे वाचवायला बायकोचं नाव लावतात. असेना का. उद्या काही बिनसलं तर दारावर तिचं नाव आहे आणि करारावर तिची सही आहे. एसआयपीचं खातं कुणाच्या नावावर असतं, हे सल्लागाराने आपल्या अशिलांना एकदा विचारून बघावं.

आणि म्हातारपण. लोअर परळच्या एखाद्या ऑफिसात किंवा अंबरनाथच्या एमआयडीसीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला सरकारी पेन्शन नसतं. असतं ते पीएफबरोबर मिळणारं ईपीएस-95चं, ज्याची किमान रक्कम 2014 साली महिना एक हजार रुपये ठरली. एक हजार! बदलापुरात खोलीचंही भाडं त्यात निघत नाही. फंडात कोटभर साठले तर प्रश्न नाही, पण नसतील साठले तर साठीच्या पुढे अकरा महिन्यांचे करार कुणाच्या जिवावर करायचे? एकट्या म्हाताऱ्या माणसाला घर द्यायला मालक आधीच कां-कूं करतात. घर घेणारा नेमकं हे विकत घेतो. ‘जागा खाली करा’ असं त्याला कुणी म्हणू नये, एवढंच. त्याची किंमत जास्त वाटते का कमी, ते ज्याचं त्याने ठरवावं, पण ते शून्य धरून मांडलेलं गणित खोटं आहे.

इथवर वाचून बिल्डर खूश झाले असतील तर त्यांच्याकडे वळतो. घर घेणारा वेडा नाही, पण त्याला वेड्यात काढणाऱ्यांचा धंदा जोरात आहे. कांजूरमार्ग ते बदलापूर मेट्रो 14 अजून प्रस्ताव आणि आराखड्यांच्या टप्प्यात असताना ‘मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटं’ असे फलक लागतात. पाच मिनिटं कशाने, ते लिहिलेलं नसतं. रेरा कायदा येऊन इतकी वर्षं झाली, कार्पेटवरच किंमत सांगायची असा नियम आहे, तरी साइटवरचा पोरगा ‘सेलेबल’च सांगतो आणि आपणही मान डोलावतो. करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हेही त्याला माहीत असतं आणि आपल्याला नसतं. नळाला पाणी किती वेळ येतं ते मॉडेल फ्लॅटमध्ये विचारू नका. शेजारच्या, दोन वर्षं जुन्या इमारतीच्या वॉचमनला विचारा, आणि टँकर येतो का तेही मे महिन्यात विचारा.

पुराचं तर कुणीच सांगत नाही. उल्हास नदीचा काठ ब्रोशरमध्ये ‘रिव्हर व्ह्यू’ असतो. 27 जुलै 2019ला याच नदीचं पाणी रुळांवर आलं आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली. हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. ते साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. हेंद्रेपाड्यासारख्या नदीलगतच्या भागात तळमजल्यावर काय झालं ते फारसं कुणी पाहिलं नाही. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा जलसंपदा खातं आखतं. इमारत त्या रेषांच्या आत आहे की बाहेर, हे घर घेण्याआधी नगरपालिकेत जाऊन बघावं. स्वयंपाकघराच्या टाइल्स नंतर बघता येतात.

‘बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद चोख’ हा आपल्याकडचा सर्वांत महागडा गैरसमज. डोंबिवली परिसरातल्या 65 इमारतींचं प्रकरण डोळ्यांपुढे आहे. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेराचे नोंदणी क्रमांक मिळवले गेले आणि नोव्हेंबर 2024मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. तिथल्या कित्येक कुटुंबांच्या डोक्यावर बँकांचं रीतसर कर्ज होतं. रेरा क्रमांक होता, बँक होती, नोंदणी झाली होती, मुद्रांक शुल्क सरकारने मोजून घेतलं होतं. चुकलं कोण? सल्लागाराच्या मते अर्थातच घर घेणारा, त्याने ‘नीट चौकशी’ करायला हवी होती. चार खिडक्यांना जे दिसलं नाही ते एका साध्या नोकरदाराला दिसायला हवं होतं! माझा सगळा राग या ठिकाणी आहे. घर घेणाऱ्याला मूर्ख ठरवलं की बाकी सगळे सुटतात. परवानगी न तपासता नोंदणी करणारा सुटतो, कर्ज देणारा सुटतो, आणि नदीकाठी बांधू देणाराही सुटतो.

रेल्वे तर कायमच सुटत आली आहे. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 2001च्या जनगणनेत लाखाच्या आत होती, 2011ला पावणेदोन लाखांच्या घरात गेली, आणि त्यानंतरची वाढ मोजलेलीच नाही, डोळ्यांना दिसते. कल्याणपुढे कर्जतकडे जाणारे रूळ मात्र दोनच. त्यांवरूनच लोकल, त्यांवरूनच पुण्याच्या आणि दक्षिणेच्या मेल, त्यांवरूनच मालगाड्या. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका उपनगरी रेल्वेच्या एमयूटीपी 3-ए प्रकल्पात 2019 साली मंजूर झाली. ती होईपर्यंत सकाळच्या गाडीचं चित्र असं असतं: बदलापूरहून सुटणारी गाडी बदलापूरकरांना रिकामी मिळायला हवी, पण ती फलाटाला लागते तेव्हा अंबरनाथहून उलटे आलेले लोक खिडक्या धरून बसलेले असतात. त्यांच्यावर चिडून उपयोग नाही, अंबरनाथला त्यांना पाय ठेवायला जागा मिळत नाही म्हणूनच ते उलटे येतात. ऑगस्ट 2022मध्ये साध्या गाड्यांच्या जागी एसी गाड्या आल्या तेव्हा बदलापूर आणि कळव्याचे लोक स्टेशनात उतरले आणि मध्य रेल्वेला वाढवलेल्या दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. जून 2025मध्ये मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांतले प्रवासी पडले आणि त्या दिवशी चौघे गेले. त्यातली एक गाडी कर्जतची होती.

अशा वेळी ‘एवढ्या लांब राहायला कोणी सांगितलं होतं’ असं बोलणारे भेटतात. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले तेव्हा तिथल्या माणसाला लांब कुणी पाठवलं, ते त्यांनीच सांगावं. आणि दुसऱ्या टोकाला लोकलमधलं भजन, हळदीकुंकू, डब्यातली निवडलेली भाजी यांचं रसभरित कौतुक करणारे. त्यांना एकच विनंती, भाजी डब्यात निवडावी लागते, निवडायची हौस नसते.

बदलापूर निव्वळ झोपायचं गाव आहे, हा आरोपही सगळा खरा नाही. कात्रपच्या बाजारात संध्याकाळी जाऊन बघा, पाय ठेवायला जागा नसते. ग्रंथसखासारखं वाचनालय इथे उभं राहिलं, तेही सरकारी कृपेवाचून. मोठं दवाखान्याचं काम निघालं की अजून कल्याण-ठाणे गाठावं लागतं, रस्ते पावसाळ्यात लाज आणतात, वीज लहरीवर असते. या तक्रारी करायला माणूस एका जागी टिकून राहावा लागतो. अकरा महिन्यांनी जाणारा माणूस नगरपालिकेशी भांडत नाही. प्रभागात पाण्यासाठी मोर्चा निघतो तेव्हा पुढे कोण असतात ते बघा. ज्यांचे हप्ते अजून बाकी आहेत, तेच.

शेवटचा मुद्दा हमखास येतो, आणि तो जरा सहानुभूतीच्या सुरात येतो. ‘मुलं काही तिथे राहणार नाहीत. शिकून पुणे-बेंगळुरू-कॅनडाला जातील. मग कुणासाठी एवढं?’ जाऊ देत की. घर मुलांच्या मुक्कामासाठी घेतलेलंच नव्हतं. ती दहावीला असताना जून महिन्यात शाळा बदलावी लागली नाही, एवढं काम त्या घराने केलं. पुढे त्यांना ते नको असेल तर विकून टाकावं, आणि आलेले पैसे खुशाल म्युच्युअल फंडात घालावेत.